जिवावर येणारी पुस्तकं

सिंधूमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाव कापायच्या सुरीने पुस्तक कापत होत्या.

शरद लिमये आमचा शेजारी. ओहायोतल्या डब्लिन गावी आमची घरं लागून होती. मध्ये कुंपण नव्हतं, त्यामुळे त्याचं फावडं माझ्याकडे आणि माझी शिडी त्याच्याकडे अशी आमची मैत्री चालायची. शरदची आई झांबियाहून कायमची राहायला आली आहे, एवढं कानावर आलं होतं. मागच्या हिवाळ्यात आणलेलं फावडं परत करायचं निमित्त करून मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. ओट्याशी एक किरकोळ बांध्याच्या बाई उभ्या होत्या. सुती पातळ, त्यावर शरदचा जुना स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. समोर एक जाडजूड रहस्यकथा पालथी घातलेली. बाईंनी सुरी पाठीच्या मधोमध ठेवली आणि दुधीभोपळा चिरावा तशी सरळ खाली ओढली.

"अहो, अहो!" मी ओरडलो.

"काय झालं?"

"ते माझं पुस्तक आहे. शरदने वाचायला नेलं होतं."

"तुझं का? बरं झालं आलास." त्यांनी दुसरा काप घेतला. "हा पहिला भाग तू ने. मधला मी वाचतेय. शेवटचा शरदला देते, त्याला तसाही धीर निघत नाही."

मग दाभणात दोरा ओवून त्यांनी तिन्ही भाग वेगवेगळे शिवून दिले. टाके इतके सुबक होते की मला रागावताही येईना. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात कपाळाला लावणाऱ्या घरात मी वाढलो. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला म्हणून वडिलांनी माझा कान पिळला होता. आणि इथे एक ब्राह्मण म्हातारी माझ्या डोळ्यांदेखत सरस्वतीचे तीन तुकडे करून वर विचारत होती, "चहा घेणार ना?"

ती सवय त्या झांबियातून घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमान तिकडे तांब्याच्या खाणीत हिशेबनीस होते आणि मावशी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पुढे शाळेची वाचनखोलीही त्यांच्याच गळ्यात पडली. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग तांब्याचा भाव कोसळला, परकीय चलन आटलं आणि बाहेरून पुस्तकं येणं बंद झालं. गावातल्या पुस्तकांच्या दुकानात वह्या, फूटपट्ट्या आणि खडू तेवढे उरले. पुस्तकं संपली, पण वाचणारे कुठे संपतात? उलट मुली दरवर्षी वाढतच होत्या.

"एक कादंबरी आणि वर्गभर मुली," मावशी सांगायच्या. "सांग कसं वाचायचं ते. एकीचं होईपर्यंत दुसरीचं लग्न व्हायचं. मग मी घेतलं ब्लेड. एका पुस्तकाची सहा केली. कुणाला सुरुवात, कुणाला मधलं, कुणाला शेवट. मधला भाग वाचणारी सुरुवातवालीला गाठून विचारायची, अगं हा माणूस कोण? हा हिच्यावर का चिडलाय? आणि शेवटचा भाग जिच्याकडे, ती वर्गाची महाराणी. भाजलेले शेंगदाणे दिल्याशिवाय बोलायची नाही."

"आणि मावशी, पुस्तक फाडलं म्हणून काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. रात्री देवाला सांगितलं, बाबा रे, माफ कर. सकाळी दुसरं कापलं."

त्यांची वाक्यं अशी असायची. पुस्तक जपायचं नसतं, झिजवायचं असतं, हे एक. न वाचलेलं पुस्तक म्हणजे हुंड्यातली भांडी, हे दुसरं. कुणी 'आफ्रिकेत असं असतं' म्हणून सुरुवात केली की त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, "आफ्रिकेत म्हणजे कुठे? आफ्रिका म्हणजे काय इचलकरंजी आहे?" मी स्वतः हे तीनदा ऐकून घेतलं. चौथ्यांदा मी शहाणपणाने 'झांबियात असं असतं' म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "तुला काय माहीत? तू गेला होतास?"

त्या दिवसांत टीव्हीवर रोज दुष्काळाची चित्रं असत. पोट फुगलेली मुलं, डोळ्यांवर माश्या. आमच्या मराठी मंडळात आफ्रिका म्हणजे तेवढंच चित्र होतं. मावशी दिसल्या की बायका आवाज बारीक करून विचारायच्या, "तिकडे खूप हाल ना हो?" मावशी म्हणायच्या, "हो ना. वाचायला काही मिळत नाही." बायकांना वाटे, म्हातारी बहिरी झाली असावी.

तर अशात एक संधी चालून आली. कोलंबसमधल्या एका चर्चची माणसं झांबियाला सामान पाठवणार होती. वह्या, सायकली, शिलाई मशिनं असं सगळं. वॉल्टर नावाचे एक निवृत्त गृहस्थ त्यांचा ट्रक बंदरापर्यंत न्यायचे, पुढे बोट. मावशींची त्यांच्याशी सार्वजनिक ग्रंथालयात ओळख झाली आणि त्यांनी ट्रकमधला एक कोपरा मावशींच्या शाळेच्या पुस्तकांसाठी देऊ केला. मावशी चार दिवस हवेत होत्या. शाळेची मुख्याध्यापिका आता त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती, ग्रेस नावाची. वाचनखोलीतली भिंतभर कपाटं रिकामी पडली आहेत आणि मुली जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडेसुद्धा वाचून संपवतात, असं तिने कळवलं होतं. ती कपाटं भरायची, एवढंच त्यांना हवं होतं. शरदने ते मंडळाच्या कानावर घातलं आणि मंडळाने, मंडळं करतात तसं, ते कार्य हाती घेतलं.

आमचे अध्यक्ष डॉक्टर सबनीस. भूल देण्यातले तज्ज्ञ. त्यांची भाषणंही त्याच कामी यायची. पण माणूस उमदा. त्यांनी जाहीर केलं की दसऱ्याच्या कार्यक्रमाला प्रत्येक घराने पुस्तकं आणावीत, त्यांची सामुदायिक पूजा करावी आणि ती सोमवारी ट्रकने रवाना करावीत.

पुस्तकांचा पाऊस पडला. त्याचं कारण सांगितलं पाहिजे. मराठी माणसाला पुस्तक टाकवत नाही. देशात असताना प्रश्न नव्हता, महिन्याला रद्दीवाला यायचा, तराजू लावायचा आणि सरस्वतीचं काय करायचं ते तो बघायचा. अमेरिकेत रद्दीवाला नाही. कचऱ्याच्या डब्यात पुस्तक टाकायला हात धजत नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या तळघरात टाकवत नाही आणि वाचवत नाही अशा पुस्तकांचा ढीग साचलेला होता. मागच्या कित्येक वर्षांची आयकराची मार्गदर्शकं. बंद पडलेल्या संगणकांच्या पुस्तिका. ओहायोत गाडी चालवायचे नियम. घर विकण्याच्या युक्त्या. कुणी तरी टायरांचा कॅटलॉगसुद्धा आणला, बांधणी चांगली होती म्हणून. माझं योगदान तीन पुस्तकांचं: हिरवळीची निगा, प्रभावी वक्तृत्व आणि पोट कमी करण्याचे उपाय. तिन्हींची सुरुवातीची काही पानं मळकी, पुढची कोरी करकरीत. माझी हिरवळ, माझं वक्तृत्व आणि माझं पोट पाहिलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही.

अमेरिकेत आमचे सगळे सण शनिवारी येतात. दसराही आला. शाळेच्या कॅफेटेरियात खोक्यांची उतरंड रचली, वर पैठणी पसरली, सरस्वतीची मूर्ती, फुलं, नारळ. आठवडाभर विमा कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारा जयंत त्या दिवशी सोवळं नेसून गुरुजी झाला होता. मंत्र कॅसेटवर. खोक्यांवर हळदकुंकू वाहिलं गेलं, आरती झाली, सबनीसांनी मूर्तीसकट उतरंडीचा फोटो काढवून घेतला. सगळ्यांना फार बरं वाटत होतं. एका दगडात तळघर रिकामं आणि पुण्य गाठीला.

सिंधूमावशी कुंकू लावायला पुढे झाल्या. कुंकू लावलं, नमस्कार केला आणि वाकून वरच्या खोक्याची चिकटपट्टी टर्रकन ओढली.

"मावशी! अहो, पूजा मांडलीय," जयंत सोवळं सावरत धावला. "आज पुस्तकाला हात लावायचा नसतो. उद्या उत्तरपूजा झाली की मग."

"हात लावायचा नसतो?" मावशींनी एक पुस्तक बाहेर काढलं, उघडलं. पानं एकमेकांपासून सुटताना करकरली. "अरे, ह्यातल्या एकालाही आजवर कुणी हात लावलेला नाही. तेवढं सोवळं पुरे झालं."

कुणाचं तरी मूल "व्हॉट हॅपन्ड?" म्हणालं आणि त्याला गप्प केलं गेलं.

मावशी एकेक पुस्तक वर धरत होत्या. "आयकर. कुणाचं? कुणाचंच नाही? बरं. टायर. हिरवळीची निगा." माझ्या बायकोने, सुलभाने, छताकडे पाहायला सुरुवात केली. "आमच्या शाळेपुढे लाल माती आहे आणि माणसाएवढी वारुळं. मुंग्या वाचणार आहेत का हे?"

सबनीस हसत पुढे आले. रोग्याला टेबलावर घेताना हसत असतील तसे. "मावशी, तुमची तळमळ समजते आम्हाला. पण काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असणं बरं, नाही का? समथिंग इज बेटर."

"नाही."

"अहो, लोक तिकडे उपाशी मरतायत..."

"मग धान्य पाठवा. मी नको म्हटलंय? मीही देते. पण भूक एकाच जागी लागते असं तुम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवलं, डॉक्टर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढाच होता. "ऐका. हे खोकं जाईल, कपाटात लागेल. कपाट भरलेलं दिसेल. मग कुणी तरी मोठा माणूस बघायला येईल आणि म्हणेल, वा, शाळेला ग्रंथालय आहे, आता काही पाठवायला नको. पाच वर्षांनी दुसरा येईल. म्हणेल, अरेरे, पुस्तकं कशी धूळ खातायत, ह्या लोकांना वाचायची आवडच नाही. माझ्या मुलींना! ज्या शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलटा करून वाचतात, त्यांना! हे तुमचं टायरचं पुस्तक माझ्या मुलींवर कायमचा शिक्का मारणार आहे. त्यापेक्षा रिकामं कपाट बरं. रिकामं कपाट खोटं बोलत नाही."

"पण मावशी, लोकांनी श्रद्धेने दिलंय," सबनीसांचं हसू उतरलं होतं.

"श्रद्धेने नाही. टाकवत नाही म्हणून. तुम्हाला कचऱ्यात टाकवत नाही ते तुम्ही बोटीत घालताय. ह्याला दान नाही म्हणत, विसर्जन म्हणतात."

ते वाक्य सगळ्यांना लागलं. खरं वाक्य लागतंच आणि जेवणाआधी लागलं तर फारच. सबनीस म्हणाले, मंडळाच्या नावाने गेलं तर हे सगळं जाईल, नाही तर काही जाणार नाही. मावशी म्हणाल्या, "मग काही नको." आणि श्रीखंडपुरी न जेवता त्या बाहेर जाऊन माझ्या गाडीत बसल्या. माझ्याच, कारण शरदने त्याची गाडी उघडून द्यायला नकार दिला होता.

शरद खिडकीपाशी आला. कानापर्यंत लाल. "आई, तुला काही नाही. तू बोलून मोकळी. मला ह्या लोकांत राहायचंय. माझी पोरं ह्यांच्या पोरांबरोबर वाढतायत."

मावशी म्हणाल्या, "माझीही वाढतायत रे. तिकडे." आणि त्यांनी काच वर केली. मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की ह्या बाईला ह्या गावात शरदच्या घराखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि त्यातलंही बरंचसं त्या आत्ता पणाला लावून बसल्या होत्या.

रविवारी सकाळी दार वाजलं. मावशी. स्वेटर, पातळ, पायात शरदचे बूट. "विनू, गाडी काढ. ट्रक उद्या सकाळी येणार."

"मावशी, काल एवढं झाल्यावर लोक दारात उभं करतील का?"

"दारात उभं केलं तर दारातून मागीन. मला कुठे जेवायचंय?"

घरोघरी त्यांचा प्रश्न एकच. "द्यायला जिवावर येईल असं एखादं पुस्तक आहे का? आणि इंग्रजी हवं."

हा प्रश्न ऐकून लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. मोठेपणी अचानक बाराखडी म्हणायला लावल्यासारखे. पहिल्या घरी चिवडा मिळाला आणि कालच्याच जातीची दोन पुस्तकं. चिवडा खाल्ला, पुस्तकं ठेवली. दुसऱ्या घरी पडदा हलला, दार उघडलं नाही. तिसऱ्या घरी नागपूरच्या वनिताताई होत्या. त्या खऱ्याच कळवळल्या. "मावशी, जिवावर येणारी आहेत जी माझ्याकडे. पण सगळी मराठी! इंग्रजीत मी फक्त मायक्रोवेव्हचं वाचते." त्यांनी कपाट उघडून दाखवलं. मावशींनी एक कथासंग्रह सहज उघडला आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून वाचत बसल्या. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाल्या, "एवढी एक गोष्ट."

अडचण हीच होती. आमचं प्रेम मराठीत होतं आणि अडगळ इंग्रजीत. मी मावशींना म्हटलंही, तिकडच्या मुलींना त्यांच्या भाषेतलं नको का? तर म्हणाल्या, "हवंय ना. लिहिणारेही आहेत, छापायला कागद नाही. ते त्यांचे लोक करतील, करतायत. पण शाळा इंग्रजीत चालते. गोष्टही इंग्रजीत मिळाली की ती भाषा त्यांची होते. नुसत्या परीक्षेची राहत नाही."

दामलेकाकांनी मोठा नकाशासंग्रह दिला. ते निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी त्यातून प्रवास करायचे. दारापर्यंत आले, परत घेतला, एक पान बघून पुन्हा दिला. एका डॉक्टरीणबाईंनी पक्ष्यांचं पुस्तक दिलं आणि पटकन दार लावून घेतलं, मन बदलायच्या आत. कालच्या पूजेतल्या जयंतने, कुणाला सांगू नका म्हणत, अंतराळातल्या गोष्टींचं एक पुडकं दिलं. मावशींनी त्याच्या गालाला हात लावला. "हे बघ, ह्याला म्हणतात पूजा."

मग त्या आमच्या घरी आल्या. आमची रश्मी तेव्हा अकरा वर्षांची. तिच्या खोलीत घोड्यांच्या गोष्टींची एक मालिकाच्या मालिका होती, पाठी पिवळ्या, कोपरे झिजलेले. मावशी नुसत्या बघत उभ्या राहिल्या. रश्मी कपाटाला पाठ लावून उभी.

"मी नाही मागत," मावशी म्हणाल्या. "जिवावर येतंय ना तुला? म्हणजे चांगली आहेत."

रश्मीने बराच विचार केला. "बट आजी, दे डोन्ट हॅव हॉर्सेस देअर. व्हाय वुड दे लाइक इट?"

"तुझ्याकडे तरी कुठे आहे घोडा? गॅरेजमध्ये बांधलायस?"

रश्मीला हसू आलं. मला आणि सुलभाला वाटत होतं, काहीतरी उपयोगाचं पाठवावं. विज्ञान, आरोग्य, शिवणकाम. मी तसं म्हटलं. मावशी माझ्याकडे वळल्या. "तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा आरोग्यावर वाचायचास?"

"नाही. भुतांच्या गोष्टी."

"मग? गरिबाच्या मुलीने गंमत म्हणून वाचायचंच नाही का? तिला फक्त औषधच पाजायचं?"

रश्मी खाली बसली आणि पुस्तकं काढायला लागली. एक काढायची, मधलंच पान उघडायची, ठेवायची. रडत नव्हती, पण बोलतही नव्हती. तिच्याकडे होते तेवढे सगळे भाग खोक्यात गेले. मावशींनी तिला थँक्यू म्हटलं नाही, शाबासही नाही. नुसतं विचारलं, "ह्यातलं सगळ्यात भारी कुठलं?" आणि रश्मी तासभर घोड्यांवर बोलत राहिली. तेवढा वेळ त्या म्हाताऱ्या बाईने गाडी, ट्रक, सोमवार सगळं बाजूला ठेवलं.

मी गॅरेजमध्ये गेलो. स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होतो तेव्हा ग्रंथालयाच्या विक्रीत घेतलेला गुप्तहेरकथांचा एक ठोकळा माझ्याकडे होता. पहिल्या हिवाळ्यात, ओळख ना पाळख, त्यानेच मला तारलं होतं. तो मी खोक्यात सरकवला. मावशींनी पाहिलंच. "सकाळपासून का नाही सांगितलंस?"

"जिवावर येत होतं."

"बरोबर. पुढे चल."

सोमवारी सकाळी वॉल्टर ट्रक घेऊन आले. आमची खोकी चढवली. देऊ केलेल्या कोपऱ्याचा निम्माच भाग भरला. उरलेली मोकळी जागा फार मोठी दिसत होती. वॉल्टर टोपी मागे सारून म्हणाले, "मॅम, एवढी जागा फुकट जाणार?"

तेवढ्यात सबनीसांची स्टेशन वॅगन आली. मागच्या काचेपर्यंत खोकी, वर अजून हळदकुंकवाचे डाग. उत्तरपूजा झाली होती. डॉक्टर रात्रभर झोपले नसावेत. भांडायला आले नव्हते, जवळजवळ विनवत होते. "मावशी, तुमचीही जाऊ देत, आमचीही जाऊ देत. जागा आहे. कुणाचं काय बिघडतं?"

शरद त्यांच्या मागेच उभा होता. "आई, प्लीज. आता पुरे."

मावशी वॉल्टरांचा हात धरून ट्रकमध्ये चढल्या आणि त्या मोकळ्या जागेत, लाकडी फळ्यांवर, मांडी घालून बसल्या. पदर खोचला. "ठेवा," म्हणाल्या. "माझ्या अंगावर ठेवा."

सबनीस एक खोकं उचलून उभे राहिले. ते खोकं खरंच जड होतं, आयकराची सगळी वर्षं त्यात होती. एकदा त्यांनी मावशींकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे. वॉल्टरांना मराठी येत नव्हतं, पण परिस्थिती समजायला भाषा लागत नव्हती. त्यांनी थर्मास उघडला आणि आपल्या कपातली कॉफी मावशींना दिली. आपण मध्ये पडणार नाही हे त्यांनी असं सांगितलं.

"आता ह्यांचं मी काय करू?" सबनीस शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, संकट होतं. "पूजा झालीय. आता तर टाकताही येत नाहीत."

"ते तुमचं तुम्ही बघा," मावशी कॉफीचा घोट घेत म्हणाल्या. "तुमची अडचण डब्लिनचीच आहे ना? मग ती डब्लिनमध्येच राहू दे."

आणि ट्रक अर्धा कोपरा रिकामा ठेवून गेला. सबनीसांची खोकी त्यांच्या तळघरात राहिली. पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडे पत्ते खेळायला गेलो की आम्ही त्या खोक्यांवर बसायचो. शरद आईशी दोन आठवडे बोलला नाही. मंडळाच्या दिवाळीचं आमंत्रण लिमयांच्या घरी आलं, पण मावशींचं नाव त्यात नव्हतं. मावशींनी मला विचारलं, "जेवायला काय होतं?" मी सांगितलं. म्हणाल्या, "श्रीखंड तर माझं आधीच बुडालंय, आता बासुंदी. माझ्या मुली मला भारी पडतायत."

मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. हृदय थकलं होतं. त्याबद्दल मी लिहीत नाही, कुणी शेवट सांगितलेला त्यांना आवडत नसे. त्याआधीचं एक सांगतो.

वसंतात त्या आठवडाभर इस्पितळात होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा खिडकीपाशी शरद बसला होता. नळ्या, यंत्रं, आणि पायाशी डॉक्टर सबनीस. त्यांचंच इस्पितळ, फेरी संपवून डोकावले असावेत. ते आणि मावशी हवापाण्यावर बोलत होते, भांडलेली माणसं बोलतात तसं. सकाळी लिमयांच्या टपालपेटीत शाळेचं पत्र आलं होतं, ते मी खिशात घालून नेलं होतं.

"वाच," मावशी म्हणाल्या. "मोठ्याने."

मी वाचलं. पुस्तकं मिळाली, आभारी आहोत, असं ग्रेसबाईंनी सुरुवातीलाच लिहिलं होतं. मग परिच्छेद बदलून त्यांनी कामाला सुरुवात केली होती. घोड्यांच्या मालिकेचे पुढचे भाग का पाठवले नाहीत? मुलींनी होते ते संपवले असून पुढची गोष्ट आता त्या स्वतःच रचून एकमेकींना सांगत आहेत. त्याला शाळेची हरकत नाही, परंतु खरी कळली पाहिजे. नकाशासंग्रह वरच्या वर्गाने बळकावला आहे, तरी खालच्या वर्गांसाठी दुसरा पाठवावा. पक्ष्यांच्या पुस्तकात आमचे निम्मे पक्षी नाहीत, ही त्रुटी आहे. अंतराळातल्या गोष्टींवरून मारामारी झाली, आणखी हव्यात. गुप्तहेर चांगला आहे, पण एकच ठोकळा म्हणजे काय? शेजारच्या मुलांच्या शाळेतले शिक्षक तो मागायला आले होते, आम्ही दिला नाही. आणि शेवटी, वाचनखोलीतली कपाटं अजून अर्धी रिकामी आहेत, हे आपल्या निदर्शनास आणून देत आहे.

मी वाचायचा थांबलो. मला जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. एवढं करून ही काय पद्धत, असंही मनात आलं. सबनीस खाली बघत होते.

मावशींचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागली. मग त्यांनी विचारलं, "आभार किती आहेत?"

"एक वाक्य."

"आणि मागणी?"

"बाकी सगळं पत्र."

"मग पोचली पुस्तकं." त्या डोळे न उघडता हसल्या. "रद्दी पोचली असती ना, तर पानभर आभार आले असते."

सबनीसांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. खुर्ची मागे सारून उठले आणि दाराशी जाऊन घसा खाकरत म्हणाले, "मावशी, माझ्याकडे एक आहे. शिकारीच्या गोष्टींचं. वडिलांनी दिलेलं. म्हणजे... जिवावरच येतंय."

"मग घेऊन या," मावशी म्हणाल्या, आणि डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे आणि शरदकडे पाहिलं. "आणि तुम्ही दोघं? माझ्या तोंडाकडे काय बघताय? मागितलंय ना पोरींनी? उठा की!"